चिमटीतलं तेल

सोमवार, ३

लॅबची जुनी नोंदवही वाचता येत नाही, म्हणून ही वही लिहिणं भाग पडलं आहे. एरवी रोजनिशी लिहायचा मला कंटाळा. आधीच्या रसायनतज्ज्ञांनी सहा महिने रोज आकडे भरले आहेत, पण शाई पानभर फुटली आहे. ओळीच्या ओळी निळ्या डागांत विरून गेल्या आहेत. मॅनेजरसाहेबांच्या मते दमटपणामुळे झालं असावं. इथे दमट काय आहे ते त्यांनाच ठाऊक. दुपारी वाळत घातलेला रुमाल पंधरा मिनिटांत पुठ्ठ्यासारखा कडक झाला. त्या गृहस्थांनाच विचारावं तर ते तब्येतीच्या कारणाने गेले म्हणतात, आणि पत्ता कोणाकडे नाही. तेव्हा माझे आकडे मी माझ्या वहीत लिहिणार, आणि पेन्सिलने. पेन्सिल फुटत नाही.

प्रवास बरा झाला. दोन बॅगा आणि लोकरीची पिशवी घेऊन अकराला फाटकाशी उतरले. खोली पत्र्याची, पण स्वच्छ. पलंग, टेबल, नळाला पाणी, आणि तीन बटणांचा पंखा, ज्याची तिन्ही बटणं एकाच वेगाची आहेत. खिडकीतून तेलाचे पंप दिसतात. दिवसभर माना खाली-वर करत असतात. अठ्ठावीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून आणि तीस वर्षं संसार करून मिळाले नसतील इतके होकार आज एका दुपारीत मिळाले.

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. हे गेल्यापासून घर फार मोठं वाटतं. लेकीचे दिवस भरत आले आहेत, पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला. लग्नानंतर नऊ वर्षांनी, दोनदा हातचं गेल्यावर हे मूल येतंय. सव्वीसला मी तिच्याकडे जायची. तोवरच्या तीन आठवड्यांत भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा चार तेलं मोजलेली बरी, म्हणून हे काम घेतलं. लेक फोनवर म्हणाली, आई, तुला स्वस्थ बसता येत नाही हा आजारच आहे. असेल.

मंगळवार, ४

इथलं तेल जड आहे. जमिनीखाली थंड डांबरासारखं दगडाला धरून बसलेलं असतं, पंपाने ओढून येत नाही. म्हणून विहिरीत तापलेली वाफ सोडतात, आणि वाफेबरोबर पाण्यात कालवलेली उत्प्रेरकाची पूड. मग विहिरीचं तोंड बंद करून दहा-बारा दिवस मुरू देतात. आत उत्प्रेरक तेलाचे लांबलचक रेणू तोडत बसतो, आणि दाट तेल पातळ होऊन वर येतं. सध्या हा प्रयोग एकाच विहिरीवर चालू आहे. तेलाचं पातळ होणं आता थांबलं आहे ना, एवढंच मला पाहायचं आहे. थांबलं असं मी सहीनिशी दिलं की उरलेल्या चाळीस विहिरींत पूड जाणार.

मोजायची रीत सोपी. काचेच्या नळीत एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत तेल उतरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. एक तेल विहिरीतून आलेलं. दुसरं मूळ तेल, उत्प्रेरक घालण्यापूर्वी काढून मोठ्या बाटलीत ठेवलेलं. ते बदलत नाही, म्हणून त्याच्याशी तुलना. पहिल्याच्या सेकंदांना दुसऱ्याच्या सेकंदांनी भागायचं. तक्त्यात फक्त हा भागाकार लिहितात. सेकंदांना रकानाच ठेवलेला नाही. मला हे पटलं नाही. म्हणून सेकंद इथे: मूळ चारशे दहा, विहिरीचं ब्याऐंशी. भागाकार एक पंचमांश.

लॅबमध्ये मदतीला एक गृहस्थ आहेत. पंचावन्नचे असतील, वीस वर्षं काचसामान धुतात, म्हणून सगळे त्यांना काचकाका म्हणतात. ते म्हणाले, बाई, महिनाभर एक पंचमांशच येतोय, तुम्ही न मोजता लिहिलंत तरी चालेल. मी म्हटलं, तेवढ्यासाठी मला कशाला बोलावलंत, भिंतीवरच्या कॅलेंडरनेसुद्धा लिहिलं असतं. दोन्ही बाटल्यांत ते एकच काचकांडी घालतात, मध्ये फडक्याने पुसतात. पुसणं म्हणजे धुणं नव्हे, हेही सुनावलं. पहिल्याच दिवशी दोनदा.

एक गोष्ट मात्र आवडली. नळीत घालण्याआधी तेल चिमटीत घ्यायची इथे रीत आहे. बाटलीच्या तोंडाशी बोट लावायचं, थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं अलगद उघडायची, तार किती लांब जाते ते पाहायचं. कॉलेजात आमच्या सरांनी हेच शिकवलं होतं, आणि हातमोजा घालणाऱ्याला ते वर्गाबाहेर काढत. आज पस्तीस-चाळीस वर्षांनी तार पाहिली आणि विहिरीच्या तेलाचा आकडा आधीच सांगितला: ऐंशीच्या आसपास. नमुना घेऊन आलेला बॉयलरवाला थक्क झाला. म्हणाला, आमच्या मीटरला रिटायर करून बाईंची बोटंच बसवून टाकू.

दोन्ही तेलांना वास जवळजवळ नाहीच. जड तेलाला असा नसतो.

गुरुवार, ६

फाटकावर हजेरीचं मशीन आहे, अंगठा लावायचा. माझा अंगठा आज त्याने तिसऱ्या वेळी घेतला. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, लॅबच्या लोकांचे अंगठे मशीनला आवडत नाहीत, काचकाकांची तर तो आता वहीत सही घेतो. काचकाकांनी अंगठा दाखवला. रेषाच नाहीत, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत. साबणाने गेल्या, म्हणाले. आयुष्यभर भांडी धुणाऱ्या बायकांच्या जात नाहीत आणि यांच्याच बऱ्या गेल्या, मी म्हटलं. हसले.

पाय दुखतात. सिमेंटच्या जमिनीवर आठ तास उभं राहायचं वय गेलं, हे मी सोडून सगळ्यांना कळलेलं होतं.

रविवार, ९

सुटी. कपडे धुतले, नखं काढली, बाळाच्या दुपट्याच्या पाच विती विणून झाल्या. पांढरी लोकर, साधी वीण. लोकर हातात अशी मऊ होत जाते की सुईवरून टाका घसरतो. स्वस्तात घेतली तर चांगलीच निघाली म्हणायची.

हातांना लावायची क्रीमची बाटली उघडली तर आत पाणी. वरून साय धरल्यासारखं थोडंसं घट्ट, खाली नुसतं पाणी. नर्सबाईंकडे नेऊन दिली, त्यांना म्हटलं उन्हाने फुटली असेल. त्या म्हणाल्या, आमच्या दवाखान्यातली मलमंही अशीच होताहेत, कंपनीला तीनदा कळवलं.

संध्याकाळी लेकीचा फोन. बाळ रात्रभर लाथा मारतं, जावई त्याला आत्तापासून फुटबॉलच्या शिबिरात घालायला निघालाय. दुपटं झालं का म्हणून विचारलं. म्हटलं, मी काय गिरणी आहे?

सोमवार, १०

सकाळी साहेब लॅबमध्ये डोकावले, चिमटीत थेंब देऊन तार कशी पाहायची ते त्यांना शिकवलं.

मूळ तेल तीनशे पस्तीस. विहिरीचं सदुसष्ट. भागाकार एक पंचमांश.

भागाकार बरोबर आहे आणि आकडे चूक आहेत. सहा दिवसांत दोन्ही उतरले. नळ्या ज्या पाण्यात उभ्या असतात ते जास्त तापलं असणार. पाणी गरम झालं की तेल लवकर उतरतं. थर्मामीटर बदलला. पाण्याचं तापमान नेमकं आहे तेवढंच आहे. दुसरा थर्मामीटर घातला, तोही तेच सांगतो. सबंध दुपार त्यात गेली. काचकाका म्हणाले, बाई, तक्त्यात तर सगळं ठीक आहे, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता. मी तक्ता भरून टाकला. एवढ्याचासुद्धा शीण आला.

गुरुवार, १३

तीनशे तीन आणि साठ. तापमान तेच.

साहेब तक्ता घ्यायला स्वतः आले. भागाकाराचा रकाना बघितला, खूश झाले, म्हणाले अशी स्थिर रेघ त्यांनी आयुष्यात पाहिली नाही. मी सेकंदांचं सांगितलं. ते म्हणाले, तुलनेला मूळ तेल ठेवतात ते ह्याचसाठी, की पाण्यात, नळीत, माणसात काही गडबड असेल तर दोन्हींत सारखी यावी आणि भागाकारात उडून जावी. शास्त्र म्हणून बरोबर आहे. मी स्वतः हे शिकवलेलं आहे. सही केली.

दुपटं काल संपलं. सामानाची व्हॅन आज गावात जाणार होती, ड्रायव्हरबरोबर पाठवून दिलं, तो कुरिअरला टाकेल. सव्वीसला मी जाणारच आहे, पण ती वाट बघत बसते.

काचकाकांना सकाळी दाढी करताना ओरखडा लागला होता. दुपारी चारला जेव्हा निघालो तेव्हा हनुवटीवर तिसरा कापूस होता.

शनिवार, १५

स्नानघरातली साबणाची वडी वितळून जाळीतून खाली गेली. दाराच्या बिजागरीतलं ग्रीस भिंतीवरून ओघळलं आहे, त्याची रेघ थेट जमिनीपर्यंत. बाहेर खोलीपासून लॅबपर्यंत डांबरी वाट आहे. तिथे चपला रुततात. आमच्या पायवाटेवरच. पलीकडे ऑफिसकडे जाणाऱ्या डांबरावरून ट्रक जातात आणि खूणसुद्धा उठत नाही.

मी हे ओळीने लिहून पाहिलं आणि वही मिटली. वय झालं की माणूस नाही तिथे संगती जोडतो. माझ्या सासूबाई शेवटी शेवटी तसं करायच्या.

अंगठा मशीन घेत नाही. मीही वहीत सही करते.

सोमवार, १७

मूळ दोनशे पासष्ट. विहिरीचं त्रेपन्न. एक पंचमांश.

लेकीचा फोन. दुपटं शनिवारी मिळालं. इतकं मऊ की पोटावर पांघरून झोपते, जावई म्हणतो बाळाच्या आधी बाळाची आईच ते वापरून टाकणार. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं म्हणाली, दोन दिवस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या दिवसांत होतं असं. मी म्हटलं, ब्रश मऊ घे, आणि एवढ्यातेवढ्याला घाबरायचं नाही. आवाज दमलेला वाटला. माझाही तिला तसाच वाटला म्हणे.

मंगळवार, १८

दुपारी बारा वाजता विहिरीवर बॉयलरवाल्याचा हात व्हॉल्व्हच्या कडेला घासला. जखम बोटभर, टाकासुद्धा लागू नये एवढी. मी नमुना आणायला गेले होते, मीच रुमाल बांधून त्याला दवाखान्यात नेलं. वाटेत थट्टा करत होता की बाई, चिमटीत घेऊन सांगा बघू माझं रक्त किती सेकंदांचं.

ते मी घ्यायला नको होतं. रुमाल सोडताना आपोआप घेतलं. अंगठा आणि तर्जनी, बोटं अलगद उघडली.

तारच नव्हती. पाण्यासारखं दोन्हीकडे ओघळून गेलं.

बुधवार, १९

बॉयलरवाला सकाळी सातला गेला. रक्त थांबलंच नाही. नर्सबाईंनी दवाखान्यातला सगळा कापूस वापरला, मग चादरी. मोठ्या इस्पितळाची गाडी पोचायच्या आत संपलं. नर्सबाई पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, लॅबमधले आधीचे रसायनतज्ज्ञही असेच गेले, दाढ काढल्यावर. तब्येतीचं कारण म्हणजे हे. कोणी कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं.

मी लॅबमध्ये आले आणि दार लावून घेतलं.

उत्प्रेरक काम करतो, पण स्वतः संपत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे वाक्य किती वेळा लिहायला लावलं असेल. संपत नाही. मग तो थांबला असं आम्ही कशावरून म्हणतो? भागाकारावरून. आणि भागाकार कधी बदलणार नाही? विहिरीचं तेल आणि मूळ तेल, दोन्ही सारख्या वेगाने पातळ होत असतील तर.

एकच काचकांडी. फडक्याने पुसलेली. आणि चिमूट. आधी या बाटलीला बोट, मग त्या.

मागच्या कपाटात तळाशी एक बाटली सापडली, लाखेने बंद, उत्प्रेरक इथे येण्याच्या आदल्या वर्षीची. नवे हातमोजे घालून उघडली. सहाशे सेकंद. हे खरं मूळ तेल. आमच्या बाटलीतलं आज दोनशे अठ्ठेचाळीस.

नव्या बाटलीतल्या तेलाचे दोन भाग केले. एकाला हात लावला नाही. दुसऱ्यात, साबणाने तीनदा आणि स्पिरिटने एकदा धुतलेली माझी उजवी तर्जनी बुडवून काढली. दोन्ही झाकून ठेवले. परवा बघायचं.

जेवले नाही. भूक नाही, आणि ताटाला हात लावायला —

शुक्रवार, २१

हात न लावलेलं: सहाशे.

माझं बोट लागलेलं: पाचशे साठ.

तीनदा मोजलं. काचकाकांना घड्याळ धरायला लावलं, मला माझा भरवसा वाटेना. पाचशे साठ. पाचशे साठ. पाचशे एकसष्ट.

बोट धुतलेलं होतं. धुऊन जात नाही. ते वर लागलेलं नाही. आत गेलं आहे, आणि तिथे काम करतंय. जे जे दाट, जे जे लांब साखळीचं, ते तोडत बसतंय. शाई. मलम. ग्रीस. डांबर. त्याला तेल आणि माणूस यातला फरक कोणी शिकवलेला नाही.

काचकाका बराच वेळ आपले हात बघत होते. मग म्हणाले, बाई, मी बायकोच्या हातात पगार देतो दर महिन्याला. एवढंच म्हणाले. मग नेहमीसारखे नळ्या धुवायला गेले. मी त्यांना नको म्हटलं नाही.

शनिवार, २२

साहेबांना सगळं सांगितलं. वाद घालतील म्हणून आकडे तीन कागदांवर लिहून नेले होते. वाद घातला नाही. खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला, लाल झाला, घडी घालून परत खिशात. तेही नमुने चिमटीत घेतात. मीच शिकवलं, दहा तारखेला, कौतुकाने. म्हणाले, बाई, मी आठ दिवस झोपलो नाही.

चाळीस विहिरींची पूड थांबवली. पिंपं सिमेंटात बंद करणार. फाटकं बंद, आत-बाहेर कोणी नाही. उद्या-परवा तपासणीचे लोक येतील.

दात घासले नाहीत. केस विंचरले नाहीत. नखाच्या कडेला कातडं निघालं होतं, ते हळूच चिकटपट्टीने — चिकटपट्टी चिकटत नाही.

रविवार, २३

तर्जनीच्या टोकाचं कातडं इतकं पातळ झालं आहे की उजेडात धरलं तर पेन्सिल पलीकडून दिसते. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं.

काचकाकांनी आज सकाळी चहाचा कप उचलला आणि ठेवला. फुटलेला होता. कुठे कापलं ते त्यांना कळलंही नाही. आम्ही दोघी, मी आणि नर्सबाई, दोन्ही हातांनी दाबून —

दीड वाजता.

त्यांच्या बायकोला फोन मी केला. तिने पहिलं विचारलं, जेवले का ते.  मी काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली की तिचंही तोंड चार दिवस —

सोमवार, २४

फोन केला. जावयाने उचलला. ती झोपली आहे, फार थकते, डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. शेवटच्या दिवसांत थकवा यायचाच. मी सांगितलं की सव्वीसला येत नाही. महिनाभर नाही, कदाचित — तो म्हणाला, आई, ती रोज दिवस मोजतेय. म्हटलं, मोजू दे. सांग तिला आई हट्टी आहे, आईला काम सोडवत नाही. शिव्या देईल. देऊ दे.

बाळंतपणात रक्त जातं. चांगल्या धडधाकट बाईचं जातं, मग ते थिजतं, थांबतं. थांबलं पाहिजे. मी तिच्या उशाशी बसले असते, केसांतून हात फिरवला असता, कळ आली की हात धरला असता. तिला माझा हात लागला असता.

नाही लागला. इथे आल्यापासून तीन आठवडे मी तिच्याजवळ गेलेले नाही. ती तिकडे आहे, आठ तासांच्या रस्त्यावर, आणि मी इथे, बंद फाटकाच्या आत. एवढं एक तरी माझ्या हातून नीट झालं. आज पहिल्यांदा डोळा लागेल.

मंगळवार, २५

तपासणीचे लोक आले. पांढरे पोशाख, तोंडाला काच, कोपरापर्यंत हातमोजे. फाटकाबाहेरून कर्ण्यावर बोलतात. प्रत्येकाने इथे आल्यापासून आपल्या हातून कोणाच्या हाती काय काय गेलं ते तारखेने लिहून द्यायचं. काही वगळायचं नाही. त्यावरून ते बाहेर शोधत जाणार. यादी द्यायची आणि ही वहीही, पिशवीत घालून, चिमट्याने.

बरोबर रीत आहे. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

आधी यादी इथेच लिहिते. पेन्सिल आहे म्हणून निभावतंय.

४ पासून रोज — काचकाकांना: काचकांडी, नळ्या, फडकं.

४ ते १४ — फाटकावरच्या मशीनला: उजवा अंगठा. पुढे पहारेकऱ्याच्या वहीत सही, त्याचंच पेन.

६, १३ — साहेबांना: तक्ते, माझ्या सहीने, दोन-दोन प्रती. एक प्रत मुख्य कचेरीत गेली. ती शोधा.

९ — नर्सबाईंना: क्रीमची बाटली.

१० — साहेबांना: तेलाचा थेंब. बोटाने.

१८ — बॉयलरवाल्याला: रुमाल. जखमेवर.

२१ — काचकाकांना: घड्याळ. धरायला. त्यांच्या सामानात नसावं, माझ्या टेबलावर आहे.

काही वगळायचं नाही. क्रम चुकला. मागची पानं उलटून पाहते, तारखेने —

१३ — व्हॅनच्या ड्रायव्हरला: एक पुडकं. बाहेरून खाकी कागद, सुतळी. पुढे कुरिअरने. आत पांढरं दुपटं एक, साध्या विणीचं, एकेक टाका याच अंगठ्यात आणि तर्जनीत धरून —